डॉक्टर ड्रोव्हचे मराठी मंत्र

मी एकोणतीस वर्षं जुने कागद दुरुस्त केले आणि त्यांतले बहुतेक वाचलेच नाहीत. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी म्हणतंच, "काय काय वाचायला मिळालं असेल हो तुम्हाला!" मी खरं सांगते आणि समोरचा माणूस जरा हिरमुसतो. पण काम तसंच होतं. कॅनडात, ओटावातल्या एका सरकारी संग्रहात मी कागदांची डागडुजी करायचे. कागद टेबलावर आला की तो पिवळा का पडला, घडीवर किती फाटला, शाईला पाणी चालेल का, मागे कोणी चिकटपट्टी लावून ठेवली आहे का, एवढंच बघायचं. मजकूर वाचायला दुसरी माणसं नेमलेली असत. अर्ध्या वेळा तर कागद माझ्यापुढे उलटाच ठेवलेला असे.

हा उद्योग मला घरातून मिळाला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे रेवदंड्याकडचे. आजोबांपर्यंत घरात तेलाचा घाणा होता. वडिलांनी भायखळ्याला येऊन बाइंडिंगचं दुकान टाकलं. गव्हाच्या सत्त्वाची खळ मंद आचेवर कशी ढवळायची, गुठळी झाली तर सगळी का फेकून द्यायची, हे मी दहाव्या वर्षी शिकले. पुढे इथल्या कॉलेजात तीच खळ मला तीन महिने शिकवली गेली. मी मुकाट्याने शिकले आणि पहिला नंबर काढला.

ओळखीपाळखीची गिऱ्हाइकंही असत, फुकटची. एका डॉक्टरांनी आजोबांची जन्मपत्रिका लॅमिनेट करून आणली आणि म्हणाले, "लियाताई, हे प्लास्टिक जरा काढून द्या ना." लॅमिनेट केलेला कागद म्हणजे मुरंब्यात पडलेली माशी. बाहेर काढता येते, पण मग ती माशी राहत नाही. एका बाईंच्या लग्नाच्या सर्टिफिकेटवर मेपल सिरप सांडलं होतं. ते मात्र मी सोडवलं. त्या बाई पुढे तेच सर्टिफिकेट घेऊन घटस्फोटाला गेल्या, असं कळलं.

पण आज सांगायची आहे ती एकाच पेटीची गोष्ट. निवृत्त व्हायच्या दहा-बारा वर्षं आधी ती माझ्याकडे आली.

पेटीत युद्धकाळातल्या कॉमिक्सची मूळ चित्रं होती. दुसऱ्या महायुद्धात परदेशी चलन वाचवायला इथल्या सरकारने अमेरिकेतून येणारी कॉमिक्स बंद केली होती. मुलं हैराण झाली. मग टोरांटोतल्या छोट्या छोट्या छापखान्यांनी स्वतःची कॉमिक्स काढली, आतून काळीपांढरी, कारण रंगीत छपाई परवडत नव्हती. युद्ध संपलं, अमेरिकन माल परत आला आणि ही बिचारी विझून गेली. आता ती जमवणारे शौकीन आहेत. माझा सहकारी लूक त्यांतलाच. तो संग्रहातला नोंदणीचा माणूस, नदीपलीकडच्या गॅटिनोचा, म्हणून दर वाक्यात थोडं फ्रेंच. पेटी त्यानेच उघडली.

"लिया, हा डॉक्टर ड्रोव्ह आहे!" तो म्हणाला. "माँ द्यू! मूळ चित्रं!"

डॉक्टर ड्रोव्ह हा खलनायक. पूर्वेकडच्या कुठल्याशा नाव नसलेल्या राज्यातून आलेला शास्त्रज्ञ, शत्रूला विकला गेलेला. डोक्याला तांब्याच्या तारांचं शिरस्त्राण घालायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा आणि मंत्र म्हणायचा. की मग बंदरातला कप्तान आपणहून शत्रूच्या पाणबुडीला वाट दाखवायचा, मंत्री गुप्त कागद हातात आणून द्यायचा. शेवटी कॅप्टन टॅमरॅक नावाचा नायक येऊन तारा तोडायचा. पुढच्या अंकात नव्या तारा.

मी नेहमीसारखं काम सुरू केलं. जाड बोर्डावर ब्रशने काढलेली चित्रं, कडा कुजलेल्या. तीन आठवडे मी धूळ काढली, कडा सांधल्या, डाग मोजले. चौथ्या आठवड्यात एक बोर्ड सुलटा करताना माझा हात थांबला. ड्रोव्ह दोन्ही हात वर करून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून किरण निघत होते, समोर तीन सैनिक लाकडासारखे ताठ झालेले होते, आणि त्याच्या तोंडापुढच्या फुग्यात मोठ्या काळ्या अक्षरांत लिहिलं होतं:

"आजही बटाटेच."

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अक्षर जरा वेडंवाकडं होतं, चित्र काढावं तसं काढलेलं, पण शंका घ्यायला जागा नव्हती. मी आधीचे बोर्ड बाहेर काढले. एका फुग्यात "खिडकी लावा हो, गारठा येतो आहे" असं म्हणून ड्रोव्हने एका बँकेच्या मॅनेजरला गुलाम केलं होतं. दुसऱ्यात "वहाणा भिजल्या" म्हणताच रेल्वेचा पूल कोसळला होता.

मी हसायला लागले. प्रयोगशाळेत आम्ही कुजबुजतच बोलायचो, तिथे मी मोठमोठ्याने हसत होते. लूक धावत आला.

"काय झालं?"

"लूक, हे मंत्र काय आहेत असं तुम्ही लोक समजता?"

"काहीच नाही. बनावट लिपी. एकाने त्यावर लेखही लिहिला आहे, की ती तिबेटी लिपीची नक्कल आहे."

"ही माझी भाषा आहे," मी म्हणाले. "आणि हा माणूस जेवणाबद्दल तक्रार करतो आहे."

त्या संध्याकाळी सगळे बोर्ड क्रमाने लावून मी आयुष्यात पहिल्यांदा कामावरचा मजकूर सलग वाचला. सुरुवातीचे मंत्र गमतीचे होते. एका ठिकाणी तर "बाई चित्र छान काढतात, पण नाक चुकले" असं होतं आणि त्यावर आख्खं हॅलिफॅक्स शहर झोपी गेलं होतं. पण पुढे पुढे हसू मावळत गेलं. "आईचे पत्र नाही. चार महिने झाले." मग "घरी आता आंब्याला मोहर आला असेल." मग "ट्राममध्ये शेजारी कोणी बसत नाही." ते वाचलं तेव्हा बाहेर बर्फ पडत होतं आणि मला शोव्हलने, म्हणजे फावड्याने, गाडी उकरून काढायची होती, तरी मी उठले नाही.

चित्रकार होती ईडिथ नावाची एक बाई. नव्वदीला टेकलेली होती, लंडनला एका वृद्धनिवासात राहत होती. लंडन म्हणजे आमचं ऑन्टेरिओतलं. पेटी तिनेच संग्रहाला द्यायची ठरवली होती, पण कागदपत्रांवर सही व्हायची होती. नियमाप्रमाणे तिच्याशी बोलणं लूकचं काम. मी साहेबांकडे जाऊन हट्टच धरला. दोघांना पाठवलं.

ईडिथ बारीक चणीची, पाठ वाकलेली, पण नजर तिखट होती. वाचायला भिंग लागायचं. मी माझं नाव सांगितलं, मुंबईची म्हणून सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तू मिस्टर गॅड्रीसारखं बोलतेस," ती म्हणाली. "ते 'आर' तसंच."

गॅड्री म्हणजे गद्रे. मग तिने सगळं सांगितलं.

ईडिथचे वडील लवकर गेले होते. तिची आई टोरांटोत घरातल्या खोल्या भाड्याने द्यायची, जेवणासकट. वरच्या मजल्यावर गद्रे राहायचे. ते रसायनशास्त्र शिकायला आले होते. शिक्षण संपता संपता युद्ध सुरू झालं, बोटी बंद झाल्या आणि ते अडकले. मग एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करू लागले. ईडिथ तेव्हा वीस वर्षांची. चित्र काढणारे पुरुष सैन्यात गेल्यामुळे कॉमिक्सवाल्यांनी मुलींना कामावर घेतलं होतं. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून चित्रं काढायची, गद्रे समोर पुस्तक वाचत बसायचे.

"संपादकाला एक शास्त्रज्ञ खलनायक हवा होता, परका दिसणारा," ईडिथ म्हणाली. "मी आयुष्यात एकच शास्त्रज्ञ पाहिला होता. तो माझ्यासमोर बसून बटाटे खात होता."

तिने त्यांचा चेहरा घेतला. उंच कपाळ, गोल चष्मा, बारीक मान. नाक लांबवलं, भुवया वर ओढल्या. मग मंत्र हवे होते. तिने गद्र्यांना म्हटलं, तुमच्या भाषेत काहीतरी भयंकर लिहून द्या. त्यांनी बराच वेळ विचार केला, पेन्सिलने एक ओळ लिहिली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"मी विचारलं, याचा अर्थ काय? ते एकदम गंभीर होऊन म्हणाले, मिस ईडिथ, हे फार प्रभावी आहे, सांगता येणार नाही."

मग दर महिन्याला हाच खेळ. ते लिहायचे, ती आकार बघून फुग्यात उतरवायची. अर्थ कधीच कळला नाही.

"तू वाचू शकतेस?" तिने मला विचारलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "त्यात काय आहे?"

मी फोटो बरोबर नेले होते. एकेक ओळ आधी मराठीत वाचली, मग इंग्रजीत सांगितली. "आजही बटाटेच" ऐकून ती इतकी हसली की नर्स डोकावून गेली. "माझ्या आईचा स्वयंपाक!" ती डोळे पुसत म्हणाली. "सगळ्या कॅनडात छापलं मी ते!" नाकाच्या ओळीला म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. नाक चुकलंच होतं." आंब्याच्या मोहराची ओळ तिने परत वाचायला लावली. ट्रामची ओळ आली तेव्हा मात्र तिने हात वर करून मला थांबवलं.

लूक चहा आणायला म्हणून उठला. आम्हा दोघींना एकटं सोडावं, हे त्याला कळलं असावं.

"मला माहीत आहे ते," ईडिथ म्हणाली. "आमच्या गल्लीतली पोरं त्यांना बघितलं की डोळ्यांवर हात धरून पळायची. डॉक्टर ड्रोव्ह आला, बघू नका! आधी तेही हसायचे, हात वर करून मंत्र म्हणायचे. मग कारखान्यात कोणी त्यांच्या कपाटावर ते नाव रंगवलं. मग त्यांना प्रयोगशाळेतून काढून डबे भरायला बसवलं. शत्रूसारखा दिसणारा माणूस रसायनांजवळ नको, म्हणाले. ते शत्रूचे नव्हते. पण चेहरा माझ्या चित्रातला होता ना."

"त्यांनी तुम्हाला काही म्हटलं?"

"म्हटलं. एकदाच. मिस ईडिथ, त्याचा चेहरा बदलता येईल का? मी संपादकाला विचारलं. तो म्हणाला, अंक ड्रोव्हमुळे खपतो. मी परत विचारलं नाही. नोकरी गेली असती. घरी येऊन सांगितलं, मी विचारलं हो. विचारलं होतंच. एकदा, हळू आवाजात."

युद्ध संपत आलं तेव्हा शेवटचा अंक निघाला, ड्रोव्हच्या शरणागतीचा. त्या सकाळी गद्रे नाश्त्याला खाली आले ते सामानाची बॅग घेऊनच. माँट्रियलला काम मिळालं, म्हणाले. एक कागद तिला दिला, शेवटचा मंत्र. नेहमीपेक्षा लांब होता. ईडिथच्या आईशी हात मिळवून ते गेले. परत ना पत्र, ना काही. ईडिथने तो मजकूर फुग्यात उतरवला. संपादकाने बोर्ड पाहिला आणि म्हणाला, हे कोण वाचणार, हरलेला माणूस इंग्रजीत बोलू दे. तिने एका चिठ्ठीवर इंग्रजीत "मी हरलो!" असं लिहून ती फुग्यावर चिकटवली. गद्र्यांचा मूळ कागद पुढे घर बदलताना हरवला.

"तो बोर्ड तुझ्याकडे आहे," ईडिथ म्हणाली. "खाली काय आहे ते मला हवं आहे. मी सही तेव्हाच करीन."

माझी अडचण लूकला ठाऊक होती. आमच्या कामात चिकटवलेली चिठ्ठी हीसुद्धा वस्तूच्या इतिहासाचा भाग असते, उगाच उचलायची नसते. आधी न उचलता वाचायचा प्रयत्न केला. बोर्ड इतका जाड की मागून उजेड आरपार जाईना. खास कॅमेऱ्याने वरची अक्षरं आणि खालची एकमेकांत मिसळून नुसता काळा गोळा दिसे. साहेबांनी दोन दिवस घेतले आणि मग म्हणाले, "उचल, पण दोन्ही टिकले पाहिजेत."

ब्रशची काळी शाई सहसा पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे मी निश्चिंत होते. थोडी वाफ द्यायची, डिंक सैल करायचा, चिठ्ठी उचलायची. तरी नियम म्हणून कडेला डोकावणाऱ्या एका काळ्या ठिपक्यावर ओला कापूस टेकवला. कापूस निळा झाला. ही वेगळीच शाई होती. मी ईडिथला फोन केला.

"अरे देवा," ती म्हणाली. "त्या आठवड्यात चांगली शाई संपली होती. कुठेच मिळेना. मी शाळेची शाई वापरली. त्या चांगल्या शाईला आम्ही इंडियन इंक म्हणायचो, तुला माहीत आहे? मिस्टर गॅड्री म्हणायचे, या घरात मी आणि शाई, दोनच इंडियन, आणि शाईला जास्त मान."

म्हणजे पाणी नाही, वाफ नाही. राहिली कोरडी पद्धत. केसाएवढी पातळ पोलादी पट्टी चिठ्ठीखाली सरकवायची, डिंक कोरडाच फोडायचा, मिनिटाला केसभर पुढे जायचं. श्वास रोखला की हात हलतो, म्हणून श्वास सोडत सोडत काम करायचं. चार दिवस लागले. डिंक कडांना होता, मध्ये नव्हता, हे माझं नशीब. पहिल्या दिवशी "हा मी" एवढं दिसलं. दुसऱ्या दिवशी "नव्हे".

चौथ्या दिवशी दुपारी फक्त खालचा उजवा कोपरा राहिला. तिथे डिंकाचा मोठा थेंब होता. मी थकले होते. साहेब दोनदा विचारून गेले होते. पट्टी घातली आणि हाताला तो बारीकसा झटका जाणवला, जो या कामातल्या प्रत्येकाला ओळखू येतो. चिठ्ठी सुटली, आणि तिच्याबरोबर बोर्डाचा वरचा पापुद्राही. फुग्यात लिहिलं होतं:

"हा मी नव्हे. बाई, तुम्हांला ठाऊक आहे. मी रागावलो"

आणि त्यापुढे एका शब्दाची जागा. शब्द नव्हता. चिठ्ठीची मागची बाजू आरशात धरून पाहिली, भिंगाखाली पाहिली. तिथे डिंकात विरघळलेला निळा डाग होता, अक्षर नाही. शाळेची शाई ओल्या डिंकाने चिठ्ठी चिकटवली त्याच दिवशी खाल्ली होती की त्यातलं थोडंफार उरलेलं मी घाईने फाडलं, हे मला आजही सांगता येत नाही. अहवालात मी दोन्ही शक्यता लिहिल्या. माझ्या नावावरचं इतकं वाईट काम दुसरं नाही.

लूकला मराठी येत नव्हती, पण अडचण त्याला लगेच कळली.

"कुठले शब्द असू शकतात?"

"दोनच. एक असला तर ते रागावलेले आहेत. दुसरा असला तर नाहीत."

तो भिंग घेऊन त्या रिकाम्या जागेवर वाकला. मग म्हणाला, "लिया, ती नव्वद वर्षांची आहे. तुझ्याशिवाय इथे हे कोणी वाचू शकत नाही. सांग ना तिला, रागावलो नाही म्हणून. कोणाचं काय बिघडणार आहे?"

मला तो मोह फार झाला. लंडनला एकटीच गेले, आणि टोरांटोपर्यंत मी ठरवलं होतं की "नाही" सांगायचं. वाटत होतं, गद्र्यांनीही तेच लिहिलं असेल. बटाट्यांचा मंत्र करणारा माणूस. पण टोरांटोला गाडी बदलताना मनात आलं, या माणसाच्या तोंडी आधीच बरेच शब्द दुसऱ्यांनी घातले आहेत. त्याच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचं नाक, त्याच्या शब्दांवर दुसऱ्याची चिठ्ठी. आता मी आणखी एक चिकटवणार?

ईडिथ खिडकीपाशी बसली होती. मी बोर्डाचा मोठा फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि जसं होतं तसं वाचलं. "हा मी नव्हे" ऐकताना तिने डोळे मिटले. "बाई, तुम्हांला ठाऊक आहे" ऐकलं आणि मान हलवली, हळूच, दोनदा.

"मी माझ्या हाताने लिहिलं हे," ती म्हणाली. "एकेक अक्षर. आणि माझ्याच हाताने झाकलं."

मग मी शेवटच्या शब्दाचं सांगितलं. तो गेला आहे, कदाचित माझ्यामुळे गेला, आणि तो काय होता हे मला माहीत नाही. मला वाटलं होतं ती रडेल किंवा चिडेल. तिने विचारलं, "दोन्ही शब्द कसे दिसतात?"

मी लिहून दाखवले. आहे. नाही. तिने भिंग घेऊन बराच वेळ पाहिले. बोट हवेत फिरवून गिरवले. मला वाटलं, हाताला आठवेल. इतके आकार त्या हाताने काढले होते.

"नाही आठवत," ती शेवटी म्हणाली. मग भिंग खाली ठेवलं. "तुझ्याबरोबरच्या त्या मुलाने सुचवलं असेल, हिला बरं वाटेल ते सांग."

मी पेनचं टोपण लावलं.

"सांगितलं असतंस तर मी विश्वास ठेवला नसता. आयुष्यभर लोक मला तेच सांगत आले. आई, नवरा. तो नसेल गं रागावला. कसं माहीत तुम्हाला? रागवायचा हक्क होता त्यांना. तोही काढून घ्यायचा का?"

तिने सही केली, पण आधी एक अट घातली. नोंदीत फक्त तिचं नाव नको. लूकने ती अट आनंदाने पाळली. आज संग्रहात त्या पेटीच्या नोंदीत चित्रकार म्हणून ईडिथचं नाव आहे आणि मंत्रांचा लेखक म्हणून गद्र्यांचं. नुसतं गद्रे, कारण पूर्ण नाव तिला आठवत नव्हतं. भाषेच्या रकान्यात इतकी वर्षं "बनावट" होतं, तिथे आता मराठी आहे.

गद्र्यांचा मी पुष्कळ शोध घेतला. माँट्रियलच्या जुन्या मराठी लोकांना विचारलं, रत्नागिरी-पुण्याकडे ओळखीच्या चार गद्र्यांना फोन केले. एक जण म्हणाले, आमचे एक काका परदेशात होते खरे, पण ते जर्मनीला. ही गोष्ट वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात कॅनडात अडकून पडलेल्या, बटाट्यांना कंटाळलेल्या एखाद्या गद्रेकाकांच्या आठवणी असतील, तर ती पेटी कोणालाही मागून बघता येते. जाऊन बघा. त्यांचं अक्षर त्यात नाही, पण बोलणं आहे.

लंडनच्या त्या भेटीत मी निघायला उठले तशी ईडिथने माझा हात धरला.

"माफी मागायला तुमच्यात काय म्हणतात?"

मी सांगितलं, खूप प्रकार आहेत. तिला सगळ्यात साधा हवा होता. मी माझ्या वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "गद्रे, माझे चुकले." तिने प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला, त्यांचं नाव कुठलं, माझे म्हणजे कुठलं. मग टेबलाच्या खणातून ब्रश काढला, शाईची बाटली काढली, आणि बाटली माझ्यापुढे धरून म्हणाली, "ही पाण्याला टिकणारी आहे. तपासून बघ हवं तर."

लिहायला तिला जवळजवळ अर्धा तास लागला. हात कापायचा, मग ती थांबायची, मनगट टेबलावर टेकवायची आणि परत सुरू करायची. मी मदतीला पुढे झाले नाही. त्या वेड्यावाकड्या अक्षराची ढब मला इतक्या दिवसांत पाठ झाली होती. 'झ' ची गाठ ती चित्रासारखी आधी बाहेरून काढायची, मग आत भरायची. तिने इतके मंत्र लिहिले होते, पण काय लिहिते आहे हे ठाऊक असताना मराठीत लिहिलेली तिची ही पहिलीच ओळ.

लिहून झाल्यावर तिने कागद लांब धरला, भिंग लावलं आणि मला विचारलं, "वरची रेघ सरळ आली का गं?"

"थोडी उतरली आहे," मी म्हणाले. "पण वाचता येतं."

"तेवढं पुरे," ती म्हणाली, आणि शाई वाळेपर्यंत आम्ही दोघी त्या कागदावर फुंकर घालत बसलो.